दसऱ्याआधी की दसऱ्याला? हिमालयातलं मध्यम अवघड शिखर कसं निवडावं

सातपुडा_वाट

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण, सगळे नागपूरचे. दोघांचा उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून बेसिक कोर्स झालाय. उरलेल्या तिघांनी उंच खिंडींचे ट्रेक केलेत, पण दोराला बांधून हिमनदीवर चाललेले नाहीत. आता ट्रेकच्या पुढची पायरी गाठायची आहे. क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी दात), आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि दोर लागेल असं शिखर हवं, पण आवाक्यातलं. आल्प्सच्या फ्रेंच प्रतवारीत सांगायचं तर 'एफ' म्हणजे सोपं आणि 'पीडी' म्हणजे थोडं अवघड, इथपर्यंत. 'एडी' यंदा नको.

अडचण तारखांची आहे. आमची मोठी सुट्टी दसऱ्याच्या आसपास मिळते आणि दसरा दरवर्षी सरकतो. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये २ ला. यंदा २० ऑक्टोबर. नवरात्रात निघालो तर शिखरावर पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत येतो आणि थंडी-वारा अंगावर येतो. त्यामुळे दुसरा पर्याय पाहून राहिलो : गणपती विसर्जनानंतर लगेच निघायचं, पितृपक्षात. तेव्हा ऑफिसमध्ये रजा मागणारे कमी असतात आणि दिल्लीच्या गाड्यांचं तिकीटही मिळतं. दसऱ्याला दीक्षाभूमीमुळे नागपूरच्या गाड्यांची काय अवस्था असते ते इथल्यांना सांगायला नको. पण सप्टेंबरअखेर म्हणजे पाऊस नुकताच परतत असतो, किंवा परतलेला नसतो.

यादीत चार शिखरं आहेत. मनालीजवळचं फ्रेंडशिप (५,२८९ मी), बारालाचा ला ही खिंड ओलांडल्यावरचं युनाम (६,१११ मी), लडाखमधलं कांग यात्से-२ (६,२५० मी) आणि उत्तराखंडात सांक्रीहून जातात ते काळानाग (६,३८७ मी). स्टोक कांग्री २०२० पासून बंद आहे. देव टिब्ब्याचं नाव निघालं होतं, पण दुहांगण कोलच्या वाटेवर दगड पडतात म्हणून ते आम्हीच बाजूला ठेवलं.

माझं मन काळानागकडे ओढतंय. अनुभवी लोकांनी स्पष्ट बोलावं. कोणतं शिखर, कोणत्या आठवड्यात, आणि हवा बिघडली तर काय?

इतवारी

काळानागच घ्या भाऊ. रुइनसारा तलावापासूनची वाट फार सुंदर आहे आणि खरी हिमनदी पायाखाली येते. युनाम म्हणजे बहुतेक दगडगोट्यांची चढण. सहा हजारांचा आकडा मिळतो, गिर्यारोहण फारसं नाही. एवढी रजा, एवढा पैसा लावून घसाऱ्यावर चालायला काऊन जायचं? तारीख एक ठरवा, एजन्सीशी बोला, तिकिटं काढा. डोंगरात हवा कोणाच्या हातात असते?

सोनेगाव

मी नोकरीभर हवामानाच्या नकाशांसमोर बसलेला माणूस. तुमच्यासारखा चढलेलो नाही, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण 'पाऊस परतला की आकाश मोकळं' ही समजूत फार पसरली आहे.

मान्सूनची परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून होते. हवामान विभागाने २०२० मध्ये सरासरी तारखा सुधारल्या तेव्हा ही सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर आली. हिमाचल आणि उत्तराखंड साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोकळे होतात. ही सरासरी झाली. एखाद्या वर्षी आठवडाभर पुढे-मागे होणं अगदी नेहमीचं. म्हणजे तुम्ही विसर्जनानंतर निघालात तर परतीच्या रेषेसोबतच प्रवास करणार.

पण खरा धोका परतीच्या पावसाचा नाही. तो दोन गोष्टी एकत्र येण्याचा आहे. पश्चिमेकडून सरकत येणारी ढगाळ वादळी हवा, जिला आपण पश्चिमी विक्षोभ म्हणतो, ती सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा दक्षिणेला उतरू लागते. एकटा विक्षोभ आला तर सहसा एक-दोन दिवस ढग, थोडा बर्फ, मग स्वच्छ. त्याच वेळी बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा वर सरकला तर मात्र गणित बदलतं. विक्षोभ थंडी आणि उचल देतो, उपसागर बाष्प देतो, आणि दोन दिवसांत मीटरच्या भाषेत मोजावा लागेल एवढा बर्फ पडू शकतो.

उदाहरणं अलीकडचीच आहेत. २१ सप्टेंबर २०१८ ला 'डाये' वादळ ओडिशात गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचा उरलेला पट्टा मध्य भारतावरून वायव्येकडे सरकला, वर विक्षोभ होता, आणि २२ ते २४ सप्टेंबरला लाहौल-स्पितीत एवढा बर्फ झाला की शेकडो लोक अडकले, वायुसेनेची हेलिकॉप्टर लागली. १२ ऑक्टोबर २०१४ ला 'हुदहुद' विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी, १४ तारखेला, नेपाळच्या अन्नपूर्णा भागात थोरोंग ला खिंडीच्या आसपास हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ ला मान्सून परतून गेलेला असताना कुमाऊँमध्ये मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिमी पाऊस पडला. त्याच दिवसांत हर्षिल-चितकुलमधल्या लमखागा खिंडीत आणि सुंदरढुंगा खोऱ्यात ट्रेकर गेले. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या आठवड्याच्या शेवटी रोहतांगवर बर्फ पडला आणि एव्हरेस्टच्या तिबेटकडच्या बाजूला शेकडो लोक अडकले.

या यादीत लाहौल-स्पिती आहे, म्हणजे युनामचा भाग, याकडे लक्ष द्या. लोक म्हणतात की तो पर्जन्यछायेचा प्रदेश, तिकडे काही होत नाही. मान्सूनच्या पावसापुरतं ते बऱ्याच अंशी खरं. विक्षोभ पश्चिमेकडून येतो, त्याला पीर पंजालची भिंत तशी अडवत नाही.

आता नागपूरकरांसाठी एक उपयोगाची गोष्ट. उपसागरातले हे पट्टे पुष्कळदा ओडिशा-छत्तीसगडवरून आपल्याच भागात येतात. सप्टेंबरअखेर इथे झड लागली असेल तर हवामान विभागाच्या बातमीपत्रात दोन ओळी शोधा : तो पट्टा कोणत्या दिशेला वळणार आणि उत्तरेत विक्षोभ कधी पोचणार. पट्टा वायव्येला किंवा उत्तरेला वळणार असेल आणि विक्षोभाची वेळ त्याच्याशी जुळत असेल, तर बेस कॅम्पच्या वर जाऊ नका. घरून निघालाच नसाल तर दोन दिवस घरीच थांबा.

सातपुडा_वाट

काका, मनापासून आभार. एक विचारतो. निघण्याच्या किती दिवस आधीचा अंदाज विश्वासाचा मानायचा?

सोनेगाव

पाच दिवसांपर्यंतचा अंदाज निर्णय घेण्याइतका चांगला असतो. त्यापुढे दहा दिवसांपर्यंत फक्त कल समजतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, तो कोणता आठवडा ओला आणि कोणता कोरडा एवढं ठरवायला वापरा. शिखराचा दिवस त्यावरून ठरवू नका.

युरोपीय आणि अमेरिकी, दोन्ही मॉडेलं पाहा. दोघांचं जुळत असेल तर विश्वास वाढतो. एक म्हणतं कोरडं आणि दुसरं म्हणतं बर्फ, तर ती हवा खराब धरून चला. आपल्याला हवं ते सांगणारं मॉडेल निवडण्याचा मोह फार होतो.

तापमानाचा अंदाज तुम्ही स्वतः काढू शकता. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात. केलांग सुमारे ३,१०० मीटरवर आहे. तिथे रात्री १० अंश असतील तर ४,७०० मीटरवर शून्याच्या आसपास आणि युनामच्या माथ्यावर उणे ९-१०, वारा वेगळा. बेसला पाऊस आणि वर ओला जड बर्फ, अशी स्थिती सप्टेंबरअखेर याच हिशेबाने येते.

गिरिजा_धरमपेठ

सोनेगाव काकांनी वरच्या आभाळाचं सांगितलं, मी पायाखालचं सांगते. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतून माझा ॲडव्हान्स कोर्स झालाय आणि शरद ऋतूत चढणं मला मे-जूनपेक्षा जास्त आवडतं. पण हा ऋतू वेगळ्या नजरेने पाहावा लागतो.

मे-जूनमध्ये हिवाळ्याचा बर्फ हिमनदीवर जाड बसलेला असतो. भेगांवरचे बर्फाचे पूल भक्कम असतात, निदान पहाटे तरी. सप्टेंबरअखेर उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यावरून गेलेले असतात. जुना बर्फ वितळून खालचा कठीण, निळसर बर्फ उघडा पडतो, भेगा रुंदावतात, शिखराच्या भिंतीपाशी बर्गश्रुंड, म्हणजे हिमनदी भिंतीपासून सुटते तिथली मोठी भेग, तोंड वासून असतो. हे सगळं उघडं दिसतं तोवर ठीक, कारण दिसलं की टाळता येतं. त्यावर एक रात्र ताजा बर्फ पडला की भेगा झाकल्या जातात आणि तो थर माणसाचं वजन पेलत नाही. मऊ बर्फाखाली कठीण बर्फ म्हणजे ओल्या फरशीवर टाकलेली सतरंजी. उतारावर तो अख्खा थर सरकू शकतो.

४ ऑक्टोबर २०२२ हा दिवस आपल्यातल्या कोणी विसरू नये. द्रौपदी का डांडा-२ (५,६७० मी), वर्षानुवर्षं प्रशिक्षणाचं शिखर, सगळ्यांच्या ओळखीची वाट. सकाळी शिखराकडे जाणाऱ्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली मुलगी. तिच्याकडे अनुभव नव्हता असं कोण म्हणेल? म्हणून 'सोपं शिखर' हे शब्द मी ताज्या बर्फानंतर वापरत नाही. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल आणि त्यावर नवा थर असेल, तर नकाशावरची प्रतवारी काही सांगत नाही. फ्रेंच प्रतवारी गृहीत धरते की वाट चांगल्या स्थितीत आहे.

आता तुमच्या यादीकडे येते. अशा ऋतूत मी शिखर निवडते ते एकाच प्रश्नावर : सर्वांत वरच्या कॅम्पला असताना रात्रीत गुडघाभर बर्फ पडला, तर मी खाली कशी उतरणार?

काळानाग. परतीची वाट लांब. समिट कॅम्पवरून हिमनदी उतरायची, भेगा नव्या बर्फाखाली, मग मोरेन (हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग), मग क्यारकोटी, रुइनसारा, आणि तिथून रस्त्यापर्यंत आणखी दोन दिवस. शिवाय तो भाग मान्सूनच्या थेट वाटेवर आहे, पाऊस लांबला तर सगळं ओलं. पाचपैकी तिघं दोराला नवखे असताना सप्टेंबरअखेर मी हे शिखर घेणार नाही. मे-जूनमध्ये जा, भरभरून आनंद मिळेल.

कांग यात्से-२. लेहहून चोकदो, मग कोंगमारू ला ओलांडून निमालिंग. म्हणजे बेस कॅम्पला जायला आणि यायला पाच हजारांवरची खिंड आहे. बर्फ पडला तर ती खिंड परतीला आडवी येते. दुसरी वाट मारखा खोऱ्यातून खाली जाते, ती सुरक्षित पण लांब, शिधा आणि दिवस हाताशी हवेत. शिखराचा उतार सप्टेंबरमध्ये पुष्कळदा कडक बर्फाचा होतो. क्रॅम्पॉनचे पुढचे दात वापरायची सवय नसेल तर चढताना वाटत नाही, पण उतरताना पोटऱ्या थरथरतात आणि पाय चुकतो.

फ्रेंडशिप. उंची कमी, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत चांगली शाळा. सोलांग, धुंडी, बकरथाच. कॅम्पवरून एका दिवसात रस्त्याला लागता येतं. उणी बाजू : हे पीर पंजालच्या दक्षिण अंगाला, म्हणजे ओल्या बाजूला आहे, आणि वरचे उतार नेमके त्या ३० ते ४५ अंशांतले आहेत. ताज्या बर्फानंतर निदान दोन दिवस तिथे जायचं नाही, आणि वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या अंगाला तर त्यानंतरही नाही. पाय टाकल्यावर पोकळ आवाज आला किंवा बर्फाला लांब तडा गेला की लगेच मागे.

युनाम. इतवारीभाऊ म्हणतात ते खरं आहे, बराच घसारा आहे. पण भरतपूरपर्यंत मनाली-लेह रस्ता जातो, त्यामुळे वाट उलट फिरण्यासारखी आहे आणि वरच्या उतारांवर भेगांचा प्रश्न जवळपास नाही. अडचण दोन. बारालाचा बर्फाने बंद झाला की गाडी अडकते. आणि ऑक्टोबर लागला की भरतपूरचे तंबूवाले आवरायला घेतात.

इतवारी

ताई, उतरण्याच्या वाटेचा मुद्दा पटला. सप्टेंबरअखेर काळानाग नको, मान्य. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. सगळेच जण सुरक्षित म्हणून युनाम करतील आणि मग हिमनदीवर चालायला शिकायचं कधी? सहा हजारांचा फोटो मिळाला की लोक पुढच्या वर्षी थेट मोठ्या शिखराचं नाव घेतात. तो धोका कोणी मोजत नाही.

गिरिजा_धरमपेठ

हे अगदी बरोबर बोललात, आणि म्हणूनच मी फ्रेंडशिपला शाळा म्हटलं. युनामवर ६,१११ मीटर चढलेला माणूस दोरावर चालायला शिकलेला असेलच असं नाही. सातपुडाभाऊ, तुम्हाला आकडा हवा आहे की हातात कसब हवं आहे, हे पाच जणांनी बसून आधी बोला. दोन्हीची शिखरं वेगळी आहेत आणि दोन्हीचा ऋतूही वेगळा असू शकतो.

डॉ_मेडिकल_चौक

वर रस्त्याच्या सोयीचं कौतुक झालंय, म्हणून लिहितो. तीच सोय युनामवर माणसं आजारी पाडते. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. मनाली सुमारे २,००० मीटर. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीत नाश्ता करून संध्याकाळी भरतपूरला ४,७०० मीटरवर झोपणं शक्य झालंय. शरीराला हे झेपत नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज सरासरी ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. म्हणजे जिस्पाला दोन रात्री, झिंगझिंग बारच्या आसपास दोन रात्री, दिवसा वर चढून परत खाली झोपायला, मग भरतपूर. विमानाने लेहला उतरलात तर ३,५०० मीटरवर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती.

ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं की नाही ते आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करायचे नाहीत. आणि हवेशी याचा थेट संबंध आहे : आभाळ फाटायच्या आत शिखर गाठू म्हणून लोक एक विश्रांतीचा दिवस गाळतात. चांगल्या हवेची विंडो चुकली तर शिखर पुढच्या वर्षी मिळतं. डोकेदुखी आणि उलट्यांसोबत तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की बर्फ, खाली उतरावंच लागतं. त्या वेळी उतरायची वाट बंद असेल तर माझ्याकडे सांगायला काही उपाय नाही.

सातपुडा_वाट

काल आम्ही पाचही जण फुटाळ्यावर बसलो आणि हा धागा मोठ्याने वाचला. गिरिजाताईंच्या प्रश्नावर बराच वेळ बोललो. चौघांनी कसब म्हटलं, एकाला सहा हजार हवेत. त्यालाही चूक म्हणता येत नाही, त्याची कित्येक वर्षांची इच्छा आहे.

एक शंका. वर गेल्यावर नेटवर्क नसतं. अंदाज निघतानाचा, तो चार दिवसांत जुना होतो. मग कॅम्पवर बसून हवा कशी वाचायची?

सोनेगाव

उंची दाखवणारं घड्याळ असेल तर ते खरं म्हणजे हवेचा दाब मोजतं. झोपताना आकडा लिहून ठेवा. तंबू जागचा हलला नाही आणि सकाळी घड्याळ ४०-५० मीटर जास्त दाखवतंय, तर दाब पडला आहे. दिवसभरात दाब थोडा वर-खाली होतच असतो, म्हणून रोज एकाच वेळी तुलना करा. सलग दोन वाचनांत आकडा चढताच राहिला तर खाली उतरायची तयारी करा.

आभाळात पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग, मग सूर्याभोवती खळं, मग दुधी पडदा, हा क्रम साधारण एका दिवसात पूर्ण होतो आणि तो विक्षोभाचा. दुपारचे खालून उठणारे कापशी ढग वेगळे. ते रोज येतात, संध्याकाळी विरतात. रात्री विरले नाहीत तर मात्र विचार करा.

गिरिजा_धरमपेठ

त्यात माझी भर एवढीच : परत फिरायची वेळ आदल्या संध्याकाळी ठरवायची, तीही घड्याळातली. मी दहा-साडेदहा धरते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे होतात आणि पुढे दिवस आखडत जातो, जूनसारखा लांब संधिप्रकाश हाताशी नसतो. ऊन चढलं की उतार मऊ होतो आणि वरून दगड सुटतात. नव्या बर्फात पुढचा माणूस वाट तुडवत असेल तर वेग निम्मा होतो, तेव्हा 'अजून एक तासच' या शब्दांचा हिशेब निम्म्या वेगाने करा.

आणि हा निर्णय कोणाचा हे घरून निघतानाच ठरवा. पाच जणांत एकाला जरी 'नको' वाटलं तर सगळे खाली. त्यावर वर चर्चा करायची नाही. बोलायचं असेल ते मनालीला येऊन बोला.

वर्धा_रोड

मी चढत नाही, माझा लहान भाऊ चढतो. घरी थांबणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण कोणी लिहीत नाही.

तुम्ही आम्हाला परतीची एक तारीख सांगता. त्या रात्री फोन आला नाही की आई देवासमोरून उठत नाही. आणि तुम्हाला ती तारीख आठवते, म्हणून तुम्हीही वर घाई करता. कृपा करून दोन तारखा सांगा. पहिली, सगळं नीट झालं तर खाली येण्याची. दुसरी, तिच्या तीन-चार दिवस पुढची. त्या दिवसापर्यंत फोन आला नाही तरी आम्ही घाबरायचं नाही आणि त्यानंतर कोणाला फोन करायचा त्याचा कागद फ्रिजवर लावलेला असेल. एजन्सीचा नंबर, जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, पाचही जणांच्या घरचे नंबर, कॅम्पांची नावं उतरत्या क्रमाने.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं कोणी सुचवेल, पण आपल्या देशात ती परवानगीशिवाय नेणं बेकायदा आहे, त्यात अडकू नका. त्यापेक्षा बेसवर थांबणाऱ्या स्वयंपाक्याला किंवा खाली जाणाऱ्या घोडेवाल्याला चिठ्ठी द्या. भावाची अशी एक चिठ्ठी आम्हाला गावातल्या दुकानदाराने फोनवर वाचून दाखवली होती. तेवढ्यावर घर शांत झालं.

आणि परतीचं तिकीट रद्द झालं तर त्याचे पैसे आम्ही भरू. ते पाहून कोणी वर थांबू नये की घाईने उतरू नये.

इतवारी

ताई, दोन तारखांची गोष्ट मी आमच्या प्रत्येक ट्रेकच्या पत्रकात घालणार. माझ्याकडून खर्चाचा मुद्दा : एजन्सीला पैसे देताना आधीच विचारा की जागा बदलली तर किती कापणार. मनालीतूनच दोन्ही शिखरं असतील तर गाइड, तंबू, दोर सगळं तेच राहतं, फक्त गाडीची दिशा बदलते. काही जण मान्य करतात. लिहून घ्या.

सातपुडा_वाट

इतवारीभाऊंच्या या शेवटच्या ओळीवर आमचं ठरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

दसऱ्याची वाट पाहणार नाही, विसर्जनानंतर निघायचं. आईचं म्हणणं पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये. तिला सांगितलं की सराव केव्हाच सुरू झालाय, हा त्याचाच पुढचा भाग. ती तयार झाली.

मुक्काम मनाली. दोन शिखरं मनात, एकही पक्कं नाही. आधी सर्वांनी जिस्पा-झिंगझिंग बार भागात डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसं उंचीला सरावायचं, कारण ते दोन्हीकडे उपयोगी पडतं. चौथ्या दिवशी केलांगला नेटवर्कमध्ये येऊन पाच दिवसांचा अंदाज पाहायचा. उपसागर शांत, विक्षोभ नाही, बारालाचा उघडा, तर युनाम. पुढे विक्षोभ दिसत असेल तर बोगद्यातून लगेच मनालीला उतरायचं, तो जाईपर्यंत खालीच थांबायचं, नंतर दोन दिवस बर्फ बसू द्यायचा आणि फ्रेंडशिपच्या पायथ्याशी दोराचा, भेगेतून वर काढण्याचा, घसरल्यावर ॲक्सने थांबण्याचा सराव करायचा. उतार चांगले वाटले तर वर, नाहीतर सराव हेच काम. दोन्ही एकत्र आले, उपसागर आणि विक्षोभ, तर डोंगरच सोडायचा. त्यासाठी चार दिवस रिकामे ठेवलेत.

ज्याला सहा हजार हवे होते त्यानेच हा आराखडा कागदावर लिहिला. काळानाग पुढच्या मे महिन्यात.

गिरिजा_धरमपेठ

उत्तम. दोन दुरुस्त्या. केलांगला उतरून पुन्हा भरतपूरला चढणार, त्यात एक दिवस जास्त धरा. आणि दोघांचाच बेसिक झालाय तर दोरावर पुढे आणि मागे तेच दोघं राहतील, मध्ये नवखे. आठ-दहा मीटर अंतर, दोर कधी ढिला नाही. हे तिकडे जाऊन पहिल्यांदा करू नका. दर रविवारी सकाळी रामटेकला या, अंबाळ्याकडून गडमंदिराच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढू, आणि खाली आल्यावर मोकळ्या जागी पाचही जणांना दोराला बांधून चालायचं, गाठी आणि कप्पीचा सराव करायचा. माझ्याकडे दोन आइस ॲक्स आणि एक जुना दोर आहे. तो सरावापुरताच, डोंगरावर न्यायचा नाही.

सोनेगाव

निघण्याच्या आधीच्या गुरुवारी विस्तारित अंदाज आला की इथेच लिहीन. तुम्ही केलांगला पोचल्यावर मला फोन करा, मी नकाशा समोर उघडून बसतो. तुमच्या मोबाइलवर ॲपचं छोटं चित्र पाहण्यापेक्षा बरं पडेल.

सातपुडा_वाट

काका, नक्की. गिरिजाताई, या रविवारी आम्ही पाचही येतो. सकाळी साडेपाचला ऑटोमोटिव्ह चौकातून निघू, अजून कोणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत.

डॉ_मेडिकल_चौक

एक जागा माझी धरा. येताना रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणतो, प्रत्येकाची इथली नोंद आधी करून ठेवू.